विश्लेषण : विरोधकांची टीका ऐकून मत निवळते, की आणखी घट्ट होते?

समाजमाध्यमांवर जो तो आपल्याच विचाराच्या लोकांत रमतो, त्याला दुसरी बाजू ऐकवली की तो थोडा तरी मवाळ होईल, हा समज गेली दोन दशके पक्का रुजलेला आहे. अमेरिकेतील संशोधकांनी तो तपासून पाहिला तेव्हा हाती आलेले निष्कर्ष मात्र गोंधळात टाकणारे होते. राजकीय गट विरोधकांची टीका कशी पचवतात, की पचवतच नाहीत, याचा हा वेध.

दुसरी बाजू ऐकवण्याचा प्रयोग काय होता?

ऑक्टोबर २०१७ मध्ये ड्यूक विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ ख्रिस बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्विटर (आताचे ‘एक्स’) नियमित वापरणाऱ्या डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन समर्थकांची मते एका प्रश्नावलीतून नोंदवून घेतली. त्यांच्यातील काहींना ११ डॉलर देऊ करून महिनाभर एका स्वयंचलित खात्याला, म्हणजे बॉटला, फॉलो करायला सांगितले. हा बॉट रोज २४ संदेश पुढे पाठवत असे आणि ते सारे समोरच्या राजकीय गोटातील नेत्यांचे, पत्रकारांचे, विचारगटांचे असत. खाते कशासाठी आहे हे सहभागींना ठाऊक नव्हते. पैसे घेऊन कोणी डोळेझाक करू नये यासाठी बॉट मध्येच एखाद्या प्राण्याचे छायाचित्र टाकत असे आणि तो प्राणी कोणता, हे आठवड्याच्या चाचणीत विचारले जाई.

महिन्यानंतर पुन्हा तीच प्रश्नावली दिली गेली. उदारमतवादी संदेश वाचलेले रिपब्लिकन आधीपेक्षा स्पष्टपणे अधिक परंपरावादी झाले होते. डेमोक्रॅटही थोडे आणखी डावीकडे सरकल्यासारखे दिसत होते, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतका नव्हता. समोरच्या बाजूचे ऐकून मधल्या जागेकडे सरकलेला गट मात्र दोन्हीकडे सापडला नाही. २०१८ मध्ये हा अभ्यास अमेरिकी राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि ‘त्यांना फक्त दुसरी बाजू दाखवा’ म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली.

मग ‘एको चेंबर’चे काय?

कायद्याचे अभ्यासक कॅस सनस्टीन यांनी २००१ मध्ये ‘रिपब्लिक डॉट कॉम’ या पुस्तकात इशारा दिला होता, की इंटरनेटवर माणसे आपल्याच आवाजाचे प्रतिध्वनी ऐकत बसतील. २०११ मध्ये एली पॅरिसर यांनी ‘फिल्टर बबल’ हा शब्द रूढ केला. दोघांच्या मांडणीत रोग एकच होता, विरोधी विचार कानावर न पडणे.

पण भिंती तितक्या जाड नाहीत. अमेरिकेतील २०२० च्या निवडणुकीवेळी ‘मेटा’ कंपनीच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, सरासरी फेसबुक वापरकर्त्याला दिसणाऱ्या मजकुरापैकी निम्म्याहून किंचित अधिक मजकूर समविचारी लोकांचा होता, तर १५ टक्क्यांच्या आसपास विरोधी विचारांच्या लोकांचा. म्हणजे विरोधकांचा आवाज पोहोचत होताच. संशोधकांनी २३ हजारांहून अधिक जणांच्या फेसबुकवर समविचारी मजकूर तीन महिने सुमारे एक तृतीयांशाने कमी केला. त्यांच्या राजकीय मतांत किंवा विरोधकांविषयीच्या रागात मोजण्याजोगा फरक पडला नाही.

थोडक्यात, टीका ऐकू येते. ती कोणत्या रूपात येते आणि आल्यावर गट तिचे काय करतो, हा खरा प्रश्न आहे.

टीका गटात शिरते तेव्हा नेमके काय होते?

कुठल्याही राजकीय गटात, मग तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा असो वा फेसबुकवरचा, विरोधकाचे म्हणणे सहसा मूळ रूपात येत नाही. येतो तो स्क्रीनशॉट. त्यावर लाल वर्तुळ, खाली ‘हे पाहा यांचे विचार’ अशी ओळ. विरोधी बाजूने शंभर जणांनी टीका केलेली असते, त्यातील पाच-दहा जणांचे मुद्दे विचार करण्याजोगे असतात. पण गटात फिरतो तो एकशे एकावा, ज्याने सगळ्यात आचरट वाक्य लिहिले आहे. त्याला झोडपणे सोपे असते आणि त्याला झोडपले की उरलेल्या शंभरांना उत्तर दिल्याचे समाधानही मिळते. मुळात हे उत्तर टीकाकारापर्यंत जाण्यासाठी लिहिलेले नसतेच; त्याचा वाचक आपलाच माणूस असतो.

हे असे का घडते, याची काही उत्तरे आकड्यांत मिळतात. प्यू रिसर्च सेंटरच्या २०१९ च्या पाहणीत अमेरिकेतील ट्विटरवरचा ८० टक्के मजकूर वरचे १० टक्के वापरकर्तेच लिहितात, असे दिसले. अर्थात, ‘समोरची बाजू’ म्हणून जी दिसते ती त्या बाजूतील सर्वाधिक बोलणारी मंडळी. विल्यम ब्रॅडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये बंदुकांवरील नियंत्रण, समलिंगी विवाह आणि हवामानबदल या विषयांवरील साडेपाच लाखांहून अधिक ट्वीट तपासली. नैतिक भावना व्यक्त करणारा एकेक शब्द वाढला की ट्वीट पुढे पाठवले जाण्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढत होते. मात्र हा प्रसार मुख्यतः आपल्या गोटातल्या आपल्या गोटात होता.

२०२१ चा एक अभ्यास याहून बोलका आहे. स्टीव्ह रॅथजे, जे व्हॅन बॅव्हेल आणि सँडर व्हॅन डर लिंडेन यांनी अमेरिकेतील वृत्तमाध्यमे आणि काँग्रेस सदस्यांच्या फेसबुक-ट्विटरवरील २७ लाख पोस्ट पाहिल्या. आपल्या पक्षाचे गुणगान किती पुढे जाते आणि विरोधकांचा उल्लेख किती, याची तुलना केली. विरोधी गटाशी संबंधित एकेक शब्द वाढला की पोस्ट पुढे पाठवली जाण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी वाढत होती. फेसबुकवरील रागीट चेहऱ्याची प्रतिक्रिया कुठे पडेल, याचा सर्वात भरवशाचा अंदाजही याच शब्दांवरून बांधता येत होता. प्रचार सांभाळणाऱ्यांना हे कळायला संशोधनाची गरज नव्हती. आपल्या नेत्याच्या कामाची यादी टाकली तर चार जण अंगठा दाखवतात. विरोधी नेत्याची फजिती टाकली की गट जागा होतो, हे गावपातळीवरचा कार्यकर्ताही जाणतो.

हल्ला कोण करते आणि कोण लढते?

‘रेडिट’ हे संकेतस्थळ हजारो विषयवार गटांचे बनलेले आहे, त्यामुळे गटागटांतील भांडणे तिथे स्वच्छ दिसतात. मूळचे भारतीय संशोधक सृजन कुमार यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील सहकाऱ्यांसह तिथल्या सुमारे ३६ हजार गटांचा ४० महिन्यांचा व्यवहार तपासला. २०१८ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, एक टक्क्याहून कमी गट तब्बल ७४ टक्के भांडणे सुरू करतात. ठिणगी टाकतात ते गटातील अतिशय सक्रिय सदस्य. ‘बघा तिकडे आपल्याबद्दल काय लिहिले आहे’ असा दुवा ते देतात. प्रत्यक्ष दुसऱ्या गटात जाऊन शिवीगाळ करतात ते मात्र तुलनेने कमी सक्रिय, म्हणजे एरवी कुंपणावर बसलेले सदस्य. सभेत भाषण ठोकणारा वेगळा आणि दगड उचलणारा वेगळा, हे जुनेच सूत्र.

या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष फारसा चर्चेत आला नाही. हल्ला झालेल्या गटातील मूळ सदस्य आपापसांतच हळहळत बसले, तर कालांतराने त्यांचा वावर कमी होत गेला आणि हल्लेखोरांनी गटात बस्तान बसवले. जिथे मूळ सदस्यांनी थेट हल्लेखोरांशी बोलणे सुरू केले, तिथे हे नुकसान कमी झाले. ‘ट्रोलना खाऊ घालू नका’ हा इंटरनेटवरील सर्वमान्य सल्ला दर वेळी बरोबर असतो असे नाही.

फक्त समर्थकांसाठीच्या गटाचे काय झाले?

याचे सर्वात गाजलेले उदाहरण म्हणजे रेडिटवरील ‘द डोनाल्ड’. जून २०१५ मध्ये, डोनाल्ड ट्रम्प यांनी उमेदवारी जाहीर केली त्याच महिन्यात हा गट सुरू झाला. येथे चर्चा नव्हती, अखंड चालणारी समर्थकांची सभा होती. विरोधी सूर लावणाऱ्याला बाहेर काढणे हा घोषित नियम होता. टीका आली की ती आनंदाची बाब ठरे, कारण टीका म्हणजे आपण झोंबतो आहोत याचा पुरावा. टीकेचे असे बिल्ल्यात रूपांतर झाले की तिच्यातील मजकुराला उत्तर द्यायची गरजच उरत नाही.

जून २०१९ मध्ये ओरेगॉन राज्यातील पोलीस आणि लोकप्रतिनिधींना धमकावणाऱ्या मजकुरावरून रेडिटने या गटाला ‘विलगीकरणात’ टाकले आणि २९ जून २०२० रोजी तो बंद केला. तेव्हा त्याचे सुमारे ७ लाख ९० हजार सदस्य होते. त्याच दिवशी ‘चापो ट्रॅप हाऊस’ हा कट्टर डाव्यांचा गटही बंद झाला. म्हणजे रोग एका बाजूचा नव्हता, प्रमाण भले कमी-जास्त असेल.

‘द डोनाल्ड’चे चालक त्याआधीच स्वतंत्र संकेतस्थळ थाटून बसले होते. मनोएल होर्टा रिबेरो आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये या स्थलांतराचा हिशेब मांडला. नव्या जागी सदस्य घटले, नवे लोक येणे कमी झाले. पण जे गेले त्यांची भाषा अधिक विखारी झाली. बंदीने गट लहान झाला आणि कडवाही.

सर्वात महाग टीका कोणाची?

विरोधकाची टीका गटाला एकत्र ठेवते. त्रास होतो तो घरच्या आहेराचा. आपल्यातलाच एखादा सदस्य ‘या मुद्द्यावर त्यांचे थोडे बरोबर आहे’ म्हणतो तेव्हा गटाची खरी परीक्षा असते आणि बहुतेक गट तिच्यात नापास होतात. उजव्या गटात त्याला ‘छुपा पुरोगामी’ म्हटले जाते, डाव्या गटात ‘छुपा संघी’. दोन-तीनदा असा अनुभव आला की तो गप्प होतो किंवा बाहेर पडतो. त्यानंतर गटात जे उरतात त्यांना वाटते, की आपल्यात मतभेदच नाहीत.

बेल यांनी २०२१ च्या आपल्या पुस्तकात याच गप्प बसलेल्यांकडे लक्ष वेधले आहे. मधल्या विचारांची माणसे संख्येने पुष्कळ आहेत, पण समाजमाध्यमांवर ती राजकारणाविषयी बोलत नाहीत. नोकरी, नातेवाईक, शेजार यांना धक्का नको म्हणून. मग दोन्हीकडच्या कडव्यांना एकमेकांत फक्त कडवेच दिसतात. कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप गटावर काकांच्या ‘फॉरवर्ड’ला उत्तर न देता बोटांनी वर सरकवणारे भाचे-पुतणे याच जमातीतले. काकांना मात्र त्या शांततेचा अर्थ संमती असाच वाटतो.

महाराष्ट्रात याची किंमत कोणी मोजली?

विचाराने न पटणाऱ्याची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्याचा प्रकार पुण्याने गोपाळ गणेश आगरकरांच्या बाबतीत १९ व्या शतकातच केला होता. त्यासाठी इंटरनेट लागले नव्हते. इंटरनेटने अंतर मिटवले आणि वेळ कमी केला.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले आणि मुंबई व परिसर बंद राहिला. या बंदविषयी पालघरमधील एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला, तिच्या मैत्रिणीने त्याला ‘लाइक’ केले. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. जून २०१४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांच्याविषयीच्या विटंबनात्मक फेसबुक मजकुरावरून पुण्यात तणाव पसरला आणि हडपसरमध्ये एका तरुण संगणक अभियंत्याचा जमावाने जीव घेतला. त्याचा त्या मजकुराशी संबंध नव्हता. २०२३ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींची पुराव्याअभावी मुक्तता केली.

सत्तेवर कोण, याने फार फरक पडला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना त्यांच्यावरील व्यंगचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवल्याबद्दल कांदिवलीत एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला शिवसैनिकांनी मारहाण केली. मे २०२२ मध्ये शरद पवार यांच्याविषयीच्या फेसबुक पोस्टवरून अभिनेत्री केतकी चितळे हिला अटक झाली. राज्यभर वीसहून अधिक गुन्हे दाखल झाले आणि ती महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहिली. त्या पोस्टची भाषा हीन होती, हे खरेच. पण हीन भाषेला चाळीस दिवसांच्या तुरुंगाचे उत्तर द्यायचे का, हा प्रश्न तेव्हा सर्वात कमी विचारला गेला. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा याच्या एकनाथ शिंदे यांच्यावरील विडंबनगीताची चित्रफीत पसरताच, जिथे तो कार्यक्रम झाला त्या खारमधील ‘हॅबिटॅट’ची तोडफोड झाली. यातील प्रत्येक प्रकरणात आपापल्या गटांत एकच प्रश्न फिरत होता: ‘तेव्हा हे कुठे होते?’ तो प्रश्न रास्तच असतो. मात्र तो विचारणाराही ‘तेव्हा’ कुठेतरी होताच.

कायद्याने काय केले?

पालघरच्या अटकेमुळे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ देशभर चर्चेत आले. ‘त्रासदायक’ वा ‘गैरसोयीच्या’ मजकुरासाठीही तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद त्यात होती. श्रेया सिंघल खटल्यात न्या. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरवले. एखाद्या मुद्द्याची चर्चा करणे, त्याचा आग्रही पुरस्कार करणे आणि प्रत्यक्ष चिथावणी देणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कायद्याने फक्त तिसरीला हात घालावा, ही या निकालाची मध्यवर्ती मांडणी. ती समाजाच्या अंगवळणी पडलेली नाही, हे सोडाच. पोलीस ठाण्यांच्याही पडली नव्हती. रद्द झालेल्या या कलमाखाली गुन्हे नोंदवले जातच असल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आश्चर्य व्यक्त केले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अशा खटल्यांना आळा घालण्याचे आदेश द्यावे लागले.

म्हणजे पुरावे दाखवणे व्यर्थच?

असे म्हणणारी एक मांडणी बरीच लोकप्रिय झाली होती. ब्रेंडन नायन आणि जेसन रायफलर यांनी २०१० मध्ये दाखवले, की चुकीची माहिती दुरुस्त केल्यावर काही लोक तिलाच अधिक घट्ट धरतात. पण टॉमस वुड आणि एथन पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक जणांवर ५२ विषय तपासले, तेव्हा असा उलटा परिणाम जवळपास आढळलाच नाही. लोक आकडा दुरुस्त करून घेतात. पक्ष बदलत नाहीत, इतकेच. बेल यांचा बॉट आणि ही दुरुस्ती यांत फरक आहे तो इथेच. एखादी वस्तुस्थिती सांगणे म्हणजे हल्ला नव्हे. पण रोज २४ वेळा ‘ते’ आपल्याबद्दल काय बोलतात हे ऐकणाऱ्याला तो हल्लाच वाटतो आणि हल्ला झाला की माणूस आपल्या टोळीकडे सरकतो.

मत बदलते, ते कुठे?

रेडिटवरच ‘चेंज माय व्ह्यू’ नावाचा गट आहे. २०१३ मध्ये स्कॉटलंडमधील एका किशोरवयीन मुलाने, कॅल टर्नबुलने, तो सुरू केला. इथे आपले मत मांडायचे आणि ‘ते बदलून दाखवा’ असे आव्हान द्यायचे. कोणाच्या युक्तिवादाने मत हलले, तर त्याला ‘डेल्टा’ चिन्ह द्यायचे. हरणारा येथे मानाने हरतो, ही खरी मेख. २०१६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी या गटातील वाद तपासले. दोघांत काही फेऱ्या झाल्या तर मत हलण्याची शक्यता वाढत होती. पण वाद लांबतच गेला की ती मावळत होती. मूळ लेखकाचेच शब्द उचलून त्याला घेरण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत नवे काही मांडणारे अधिक यशस्वी ठरत होते. आणि ज्यांचे लेखन ‘मी’ने भरलेले होते त्यांचे मत हलण्याजोगे होते, ‘आम्ही’ने भरलेले असेल तर नव्हते. मराठीत तर ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा आणखी एक भेद आहे. ‘आम्ही’ उच्चारले की समोरचा दाराबाहेरच राहतो.

‘एक्स’वरील ‘कम्युनिटी नोट्स’ची रचनाही याच अंगाने जाते. एरवी एकमेकांशी असहमत असणाऱ्या लोकांनी ती टिपण उपयुक्त ठरवली, तरच ती सर्वांना दिसते. अडचण अशी, की बहुसंख्य टिपणांना ती सहमती मिळतच नाही आणि मिळेपर्यंत मूळ मजकूर गावभर होऊन आलेला असतो. तरीही ‘मेटा’ने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत स्वतंत्र तथ्यपडताळणी सोडून हीच पद्धत स्वीकारण्याचे जाहीर केले.

समाजमाध्यमांपासून दूर राहिले तर?

२०१८ च्या अमेरिकी मध्यावधी निवडणुकीआधी हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी काही जणांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यांचे रोजचे सरासरी तासभर वाचले, धोरणांविषयीची मते थोडी कमी टोकाची झाली आणि ताज्या घडामोडींचे ज्ञानही घटले. हाच प्रयोग जुलै २०१९ मध्ये बोस्निया-हर्झेगोव्हिनात, स्रेब्रेनित्सा हत्याकांडाच्या स्मृतिसप्ताहात झाला. वैराच्या आठवणी उसळण्याच्या त्या दिवसांत फेसबुक बंद ठेवणाऱ्यांचा दुसऱ्या वंशगटाविषयीचा आकस कमी होईल, अशी अपेक्षा होती. घडले उलट. फेसबुक सोडलेल्यांचे मत अधिक प्रतिकूल झाले. त्यातही ज्यांच्या गावात आपल्याच गटाचे लोक राहतात त्यांचे अधिक. दुसऱ्या गटातील माणूस त्यांना फेसबुकवरच भेटत होता.